आधी कोणाचा खिसा?

अपघाताचं बिल एकच असतं, पण ते भरू शकणारे खिसे तीन-चार असतात. जखमी माणसाचा स्वतःचा, त्याच्या मेडिक्लेमचा, धडक देणाऱ्या गाडीच्या इन्शुरन्स कंपनीचा, आणि अगदीच कोणी नसेल तर सरकारचा. यातला कुठला खिसा आधी उघडायचा, आणि एकाने पैसे दिले की दुसरा सुटला का, यावर गेली दीडशे वर्षं कोर्टात भांडणं चालू आहेत.

विषय रुक्ष आहे, मान्य. पण निमित्त घरचंच आहे. भाच्याने नवी गाडी घेतली आणि मला विचारलं, "मामा, गाडीचा फर्स्ट पार्टी इन्शुरन्स काढलाय. आता मेडिक्लेमचा हप्ता वेगळा कशाला भरू?" प्रश्न साधा वाटला, पण उत्तर दोन ओळींत मावेना. शिवाय आमच्या घरात या प्रश्नाची किंमत एकाने चांगलीच मोजलेली आहे. तेव्हा म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

सुरुवात मोटारीपासून नाही, रेल्वेपासून करावी लागते. रेल्वे सुरू झाली तसे तिचे अपघातही सुरू झाले, आणि इंग्लंडात १८४९ साली रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स नावाची कंपनी निघाली. प्रवासाच्या तिकिटाबरोबर अपघाताचा विमा विकायचा हा तिचा धंदा. लोक चार पैसे जास्त देऊन तो घ्यायचे. मग प्रश्न आलाच. १८७४ साली ब्रॅडबर्न विरुद्ध ग्रेट वेस्टर्न रेल्वे हा खटला उभा राहिला. रेल्वेच्या हलगर्जीपणामुळे जखमी झालेल्या या गृहस्थांना ज्युरीने २१७ पौंड भरपाई ठरवली. त्यांना स्वतःच्या अपघात विम्यातून ३१ पौंड मिळालेले होते. रेल्वे म्हणाली, तेवढे आमच्या रकमेतून वजा करा, यांचं तेवढं नुकसान तर भरून आलंच आहे.

कोर्टाने नकार दिला. कारण मोठं सरळ होतं. विम्याचे पैसे मिळाले ते या माणसाने आधीच हप्ता भरून करार केला होता म्हणून. हप्ता त्याने भरला, तो काही रेल्वेचं ओझं हलकं व्हावं म्हणून नव्हे.

वाचल्यावर वाटतं, यात काय मोठंसं, कोणीही शहाणा माणूस हेच सांगेल. पण दुसरी बाजूही तितकीच शहाण्या माणसाची आहे. भरपाई म्हणजे झालेलं नुकसान भरून देणं. दवाखान्याचं बिल एकदा कोणीतरी भरलं की ते नुकसान उरलंच कुठे? मग त्याच बिलाचे पैसे दुसऱ्यांदा का द्यायचे? हा वाद आमच्या घरी जेवणाच्या ताटावरही झालेला आहे, आणि दोन्ही बाजूंची माणसं चांगली शिकलेली होती.

पुढे मोटारी आल्या. ब्रिटनने १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्याने मोटारमालकाला थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा केला. म्हणजे गाडी तुमची, पण विमा रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी. त्यानंतर १९३४ साली त्यात एक छोटी पण मला फार आवडलेली तरतूद आली. अपघातानंतर तातडीचे उपचार करणाऱ्या डॉक्टरला दर जखमीमागे साडेबारा शिलिंग फी मिळावी आणि ती गाडीवाल्याच्या बाजूने द्यावी, असा तो नियम. चूक कोणाची हे नंतर बघता येईल, डॉक्टरचे पैसे आधी. खेड्यापाड्यातला डॉक्टर रात्री-अपरात्री अनोळखी जखमींना तपासायचा आणि त्याची फी बुडायची, म्हणून हा उपाय. एवढी साधी गोष्ट आपल्याकडे यायला किती वर्षं लागली ते पुढे सांगतो.

आपल्याकडे पहिला मोटार कायदा १९१४ चा, पण त्यात सक्तीचा विमा नव्हता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तो आला, आणि विम्याचं ते प्रकरण प्रत्यक्ष लागू झालं १ जुलै १९४६ ला. तोवर अपघातात माणूस गेला तर १८५५ च्या फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्टखाली दिवाणी दावा लावायचा, कोर्ट फीचे स्टँप भरायचे आणि वाट बघायची. सक्तीचा विमा आल्यावरसुद्धा पैसे मिळवायला दिवाणी कोर्टच होतं. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं आली, ज्याला आपण सगळे एमएसीटी म्हणतो, आणि दाव्यांची वाट थोडी सोपी झाली.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या सगळ्या व्यवस्थेत गाडीचा विमा जखमी माणसाला ओळखत नाही, तो गाडीमालकाला ओळखतो. मालकावर जी जबाबदारी येईल ती विमा कंपनी उचलणार. आणि जबाबदारी आली की नाही हे कधी कळणार? निकाल लागल्यावर. हॉस्पिटलचा काउंटर मात्र निकालाची वाट बघत नाही, तो डिपॉझिट मागतो.

कायद्याने ही फट बुजवायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. १९८२ साली चूक सिद्ध न करता मिळणारी ठरावीक भरपाई आली, मृत्यूला १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. पण तीन महिने प्लॅस्टरमधे काढून जो धडधाकट उभा राहिला, त्याच्या बिलाला त्यात जागा नव्हती. १९९४ साली तक्त्याप्रमाणे भरपाई देण्याचा दुसरा मार्ग आला, त्यातही चूक सिद्ध करायची गरज नव्हती. त्या तक्त्यात औषधोपचाराच्या खर्चाला कमाल मर्यादा होती १५ हजार रुपये, आणि ती जवळजवळ पाव शतक तशीच राहिली. याच्यापेक्षा जास्त खर्च झाला असेल तर समोरच्याची चूक सिद्ध करायच्या लांबच्या रस्त्याने जायचं.

आता दुसरा खिसा. मेडिक्लेमचा जन्म वेगळ्याच घरातला. १९७३ च्या सुरुवातीला जनरल इन्शुरन्सचं राष्ट्रीयीकरण झालं, चार सरकारी कंपन्या उरल्या, आणि त्यांनी १९८६ साली मेडिक्लेम पॉलिसी आणली. हा विमा थेट जखमी किंवा आजारी माणसाला ओळखतो. चूक कोणाची हे तो विचारत नाही. सुरुवातीच्या तीस दिवसांत आजाराचा क्लेम चालत नाही, पण अपघाताला बहुतेक पॉलिसींमधे ती अट नसते, हेही पुष्कळांना माहीत नसतं. आधी बिलं भरून नंतर पैसे मागायचे अशी पद्धत होती. २००१ च्या नियमांनंतर टीपीए आले आणि कॅशलेस हा शब्द आपल्या बोलण्यात शिरला.

म्हणजे बघा, एक विमा दुसऱ्याला झालेल्या इजेच्या जबाबदारीसाठी निघाला आणि एक स्वतःच्या आजारपणाच्या भीतीने. दोघे एकमेकांचे कोणी नव्हेत. त्यांची पहिली गाठ पडते ती अ‍ॅम्ब्युलन्स येऊन थांबते तिथे.

आमच्या घरात ती गाठ २००९ साली पडली. माझा आतेभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, पुण्याहून साताऱ्याकडे मोटरसायकलवरून येत होता. शिरवळच्या पुढे मागून टेंपोने उडवलं. मांडीचं हाड, बरगड्या आणि एक खांदा. पुण्यात बावीस दिवस ठेवलं. बिल झालं ३ लाख ८४ हजार. दादाचा मेडिक्लेम दोन लाखांचा, अकरा वर्षं न चुकता हप्ता भरलेला, त्यात एकदाही क्लेम नाही. टीपीएने ग्लोव्ह्ज, कॉटन, अमुक, तमुक कापून १ लाख ८१ हजार मंजूर केले. उरलेल्या २ लाख ३ हजारांसाठी वहिनीच्या बांगड्या गहाण पडल्या, पतपेढीचं कर्ज निघालं आणि आत्याने तिची एफडी मोडली.

मग साताऱ्याला एमएसीटीत दावा लावला. फाइल घेऊन जायचं काम माझ्याकडे होतं. पहिली अडचण कायद्याची नव्हतीच, कागदांची होती. मूळ बिलं टीपीएने क्लेमसाठी ठेवून घेतलेली, आणि दाव्यात वकीलसाहेबांना मूळ बिलं हवीत. "झेरॉक्स कशा सिद्ध करू मी?" असं ते म्हणायचे. साक्षांकित प्रती मिळवायला पत्रं, फोन, पुन्हा पत्रं यात पाच महिने गेले. दोन विमे एकमेकांना ओळखत नाहीत म्हणजे काय, ते मला त्या पाच महिन्यांत समजलं.

खरी गंमत पुढे. टेंपोच्या विमा कंपनीच्या वकिलांनी मांडलं, की अर्जदाराला मेडिक्लेमचे १ लाख ८१ हजार मिळालेले आहेत, तेव्हा औषधोपचाराच्या रकमेतून ते वजा व्हावेत. १८७४ साली ग्रेट वेस्टर्न रेल्वेने जे सांगितलं होतं, अगदी तेच. मला तेव्हा तो खटला ठाऊक नव्हता. दादाला तर नव्हताच. पण बाहेर आल्यावर तो जे म्हणाला ते माझ्या लक्षात राहिलं आहे. म्हणाला, "म्हणजे अकरा वर्षं हप्ता मी भरला तो टेंपोवाल्यासाठी का रे?"

दादाची पाठराखण करतोय असं वाटेल, पण त्यांच्या वकिलांचा मुद्दा हवेतला नव्हता. आपल्या कोर्टांमधे या प्रश्नावर खरोखरच दोन मतं होती. जुन्या १८५५ च्या कायद्याखाली हिशेब असा व्हायचा, की मृत्यूने झालेलं नुकसान एका पारड्यात, आणि त्या मृत्यूमुळेच हाती आलेला आर्थिक लाभ दुसऱ्या पारड्यात. वजा करून राहील ती भरपाई. या तराजूने मोजलं तर विम्याचे पैसे वजा होणारच.

हे बदललं १९९८ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाने. केस आपल्या महाराष्ट्रातलीच, आणि समोर आपलं एसटी महामंडळ. अपघातात गेलेल्या माणसाच्या आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून वजा करायची का, हा प्रश्न होता. कोर्टाने नाही म्हटलं. जुना कायदा लाभ-हानीच्या वजाबाकीचा होता, मोटार वाहन कायदा "न्याय्य" भरपाईचा आहे, आणि या शब्दाची व्याप्ती मोठी आहे, अशी ती मांडणी. आयुर्विमा हा माणसाने स्वतःच्या हप्त्यातून उभा केलेला पैसा. तो आज ना उद्या मिळायचाच होता, अपघात झाला काय अन् नाही काय. त्याचा फायदा अपघात करणाऱ्याला मिळायचं कारण नाही.

मग मेडिक्लेमचाही निकाल लागलाच की, असं कोणी म्हणेल. पण तसं झालं नाही. आयुर्विमा कधीतरी मिळतोच, मेडिक्लेम मात्र खर्च झाला तरच मिळतो. तो त्याच बिलाची फेड करतो. म्हणून काही न्यायाधीशांनी तो वजा केला, काहींनी केला नाही. त्यात २०१६ साली सुप्रीम कोर्टाने हरियाणाच्या एका प्रकरणात सांगितलं, की मृत सरकारी कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला सरकार नियमांप्रमाणे पगाराऐवजी जी मदत देतं, तेवढी रक्कम बुडालेल्या पगाराच्या भरपाईतून वगळावी. तिथे मृताने वेगळा हप्ता भरलेला नव्हता, एवढा फरक होता. पण एकाच नुकसानीसाठी दोनदा पैसे नकोत हा धागा पुन्हा वर आला.

दादाचं प्रकरण या गोंधळाच्या ऐन मधे सापडलं. २०१४ साली लोकअदालतीत तडजोड झाली. औषधोपचाराच्या नावाखाली २ लाख ३ हजारच धरले. मेडिक्लेमचे १ लाख ८१ हजार वजा. वकीलसाहेब म्हणाले, लढायचं तर लढू, पण आणखी किती वर्षं जातील सांगता येत नाही. पतपेढीचं व्याज चालूच होतं. दादाने सही केली.

आणि मार्च २०२५ मधे मुंबई हायकोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने हाच प्रश्न हातात घेऊन सांगितलं, की मेडिक्लेमची रक्कम औषधोपचाराच्या भरपाईतून वजा करता येणार नाही. मेडिक्लेम हा हप्ता भरून केलेल्या करारातून मिळतो, भरपाई कायद्यातून मिळते. माणसाने दूरदृष्टीने केलेल्या तरतुदीचा फायदा धडक देणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीला होऊ नये. म्हणजे ब्रॅडबर्नचंच उत्तर, १५१ वर्षांनी, आपल्या फोर्टातल्या इमारतीतून.

दादाला मी फोन करून सांगितलं. तो हसला. "आपली तडजोड झालीये बाबा," एवढंच म्हणाला. लोकअदालतीत सहीनिशी मिटलेली गोष्ट नव्या निकालाने पुन्हा उघडत नाही, हे त्याला माझ्याआधी माहीत होतं.

आता परदेशातल्या मंडळींसाठी थोडं, कारण तिकडे याच प्रश्नाचं उत्तर पार निराळं आहे. अमेरिकेत काही राज्यांनी आधी चूक शोधायचा नादच कमी केला. मॅसॅच्युसेट्सने १ जानेवारी १९७१ पासून नो-फॉल्ट पद्धत आणली. दवाखान्याचा ठरावीक खर्च आपापल्या गाडीच्या विम्याने द्यायचा, चूक कोणाचीही असो. सुरुवातीची मर्यादा होती २ हजार डॉलर. १९७३ मधे न्यू जर्सी आणि मिशिगनही त्या वाटेने गेले. मिशिगनने तर अपघाती इजेचा वैद्यकीय खर्च मर्यादेशिवाय, आयुष्यभर, गाडीच्या विम्यातून द्यायचा ठरवला. हप्ते इतके चढले, की २०१९ साली कायदा बदलावा लागला आणि २०२० च्या जुलैपासून लोकांना कमी मर्यादा निवडायची मुभा मिळाली.

न्यू जर्सीत माझी मावसबहीण आहे. तिच्या गाडीच्या पॉलिसीत एक रकाना असतो, अपघातात आधी पैसे कोणी द्यायचे, गाडीच्या विम्याने की हेल्थ इन्शुरन्सने. हेल्थ आधी असं निवडलं की गाडीचा हप्ता थोडा कमी होतो. आपल्याकडे कोर्टात वर्षानुवर्षं घासला गेलेला प्रश्न तिकडे फॉर्मवरच्या एका खुणेत मिटतो. (मेडिकेअरवर असणाऱ्यांना मात्र ही निवड करता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांची पॉलिसी बघाल तेव्हा हे ध्यानात ठेवा.)

पण हेवा वाटून घेण्याआधी दुसरी बाजू ऐका. तिकडे हेल्थ प्लॅनने दिलेले पैसे तो प्लॅन पुष्कळदा परत मागतो. तुम्हाला समोरच्याकडून भरपाई मिळाली ना, मग आमचं आधी द्या. २००७ साली एका विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला असा अपघात झाला. कंपनीच्या प्लॅनने उपचारांवर ६६,८६६ डॉलर खर्च केले. त्याला एकूण भरपाई मिळाली १ लाख १० हजार, त्यातली ४० टक्के वकिलाची फी जाऊन हातात राहिले ६६ हजार. प्लॅनची मागणी होती पूर्ण ६६,८६६ डॉलरची. म्हणजे भांडून भरपाई मिळवली आणि वर पदरचे ८६६ डॉलर घालायचे! प्रकरण त्यांच्या सुप्रीम कोर्टात गेलं. २०१३ मधे कोर्टाने सांगितलं, की प्लॅनचा करार जे म्हणतो ते चालणार, पण वकिलाच्या खर्चाबद्दल करार गप्प असेल तर त्या खर्चाचा वाटा प्लॅननेही उचलावा. त्या माणसाला दिलासा मिळाला तो एवढाच.

ब्रिटनचा रस्ता तिसराच. तिथे उपचार सरकारी आरोग्यसेवेत फुकट होतात, पण जखमीला भरपाई मिळाली की सरकार त्या उपचारांचे पैसे गाडीच्या विमा कंपनीकडून वसूल करतं. १९९९ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. जखमी माणसाला या वसुलीत काही करावं लागत नाही. दोन खिसे आपापसात हिशेब करतात.

हे सगळं शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर मला एक गोष्ट जाणवते. आपण, म्हणजे आपली कोर्टं आणि आपण सगळेच, शेवटच्या वाटणीवर फार भांडलो. कोणाचे किती वजा, कोणाला किती परत. ते महत्त्वाचं आहेच, दादाचे १ लाख ८१ हजार काही थोडे नव्हते. पण बांगड्या गहाण पडल्या त्या वाटणी चुकली म्हणून नाही. एक खिसा बावीस दिवसांत रिकामा झाला आणि दुसरा पाच वर्षांनी उघडला, म्हणून पडल्या. न्यायाधिकरण दावा दाखल केल्यापासूनचं व्याज देऊ शकतं, तशी तरतूद कायद्यात आहे. पण हॉस्पिटलच्या काउंटरवर उद्याचं व्याज चालत नाही.

या पहिल्या काही तासांसाठी आपल्याकडे काहीच नव्हतं का? १९८९ साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं होतं, की जखमीला आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर. त्या याचिकेमागे एका स्कूटरस्वाराची बातमी होती. पोलीस केस म्हणून हॉस्पिटलने त्याला घेतलं नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या ठिकाणी पाठवलं, आणि तो वाटेतच गेला. निकालाने डॉक्टरांचं कर्तव्य पक्कं केलं. पैसे कोण देणार हे मात्र अधांतरीच राहिलं.

त्याचं उत्तर कागदावर आलं २०१९ च्या दुरुस्तीत. अपघातानंतरच्या पहिल्या तासात, ज्याला गोल्डन अवर म्हणतात, कॅशलेस उपचार मिळावेत अशी योजना सरकारने करावी असं कलम १६२ मधे लिहिलं गेलं. योजना काही येईना. शेवटी जानेवारी २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने सरकारला मुदत घालून दिली आणि मे २०२५ मधे योजना अधिसूचित झाली. रस्ता अपघातातल्या जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार. त्यासाठी मोटार अपघात निधी, आणि त्यात विमा कंपन्यांचाही वाटा. इंग्लंडातल्या त्या डॉक्टरचे साडेबारा शिलिंग आपल्याकडे पोचायला असे नव्वद वर्षांहून जास्त लागले.

म्हणजे २०२५ या एका वर्षात दोन टोकं बांधली गेली. मार्चमधे शेवटचं, मेमधे पहिलं. मधला भाग, आठव्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा, अजून ज्याचा त्याच्यावरच आहे.

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर, आणि तुमच्यापैकी ज्यांना तोच प्रश्न पडला असेल त्यांच्यासाठीही. तुझ्या गाडीचा थर्ड पार्टी विमा समोरच्या माणसासाठी आहे, तुझ्यासाठी नाही. फर्स्ट पार्टी म्हणतोस तो जास्तीचा भाग मुख्यतः गाडीच्या पत्र्यासाठी आहे, तुझ्या हाडांसाठी नाही. मालक-चालकाचा जो सक्तीचा अपघात विमा असतो, २०१८ साली १५ लाखांचा केलेला, तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी. पाय मोडला, ऑपरेशन झालं, तीन महिन्यांत पुन्हा चालायला लागलास, तर त्या बिलाशी त्याचा संबंध नाही. समोरच्याची चूक असेल तर त्याच्या विम्याकडून मिळेल, पण तू सिद्ध केल्यावर. आणि चूक तुझीच असेल, किंवा गाडी झाडावर आदळली, तर सात दिवसांच्या सरकारी मदतीपलीकडे तुझ्या दवाखान्याच्या बिलाला मेडिक्लेमशिवाय वाली नाही.

तेव्हा हप्ता भर. आणि बिलं टीपीएकडे देण्याआधी प्रत्येक कागदाची, अगदी औषधाच्या पावतीचीही, प्रत हॉस्पिटलच्या शिक्क्यानिशी करून घे. त्या पाच महिन्यांच्या पत्रव्यवहाराने मला एवढं नक्की शिकवलंय.

दादा आता बरा आहे. जिना चढताना डावा पाय थोडा ओढतो, पण चढतो. मेडिक्लेमचा हप्ता अजून न चुकता भरतो आणि दर वर्षी मला मुद्दाम फोन करून सांगतो, "टेंपोवाल्याचा हप्ता भरला रे." आता मी त्याला उत्तर देतो, "नाही दादा, या वेळी तुझाच."

तुमच्या घरात कोणी असा दावा लढला असेल, तिकडे परदेशात किंवा इकडे, तर मेडिक्लेमचे पैसे वजा झाले का, आणि पहिल्या आठवड्यात पैसे कुठून उभे केलेत, ते जरूर लिहा. निकाल पुस्तकांत सापडतात. गहाण पडलेल्या बांगड्यांबद्दल मात्र ज्याचं त्यानेच सांगावं लागतं.